घरगुती ध्वनिमुद्रणात लेटन्सीचा एवढा बाऊ कशाला?

धागा (लातूर)

यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणारी डबी) घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न 'लेटन्सी किती?', म्हणजे आवाज संगणकातून फिरून कानापर्यंत यायला उशीर किती, हाच विचारला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: तासभराच्या मुद्रणात हे यंत्र एकदाही न तुटता, खट्-खट् न करता चालेल का?

आकडेच पाहू. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद. येताना एक आणि जाताना एक असे दोन बफर, शिवाय कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाचा) आणि ड्रायव्हरने (इंटरफेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) राखून ठेवलेला वेळ धरला, तरी माइकपासून हेडफोनपर्यंतचा फेरा साधारण १२ ते १५ मिलिसेकंदांत पुरा होतो. हवेतून आवाज १० मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन मीटर जातो. भजनात पखवाजी गायकापासून एवढ्या अंतरावर बसतोच, आणि ताल सुटत नाही. त्यातही डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण दाबले की गायकाचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर ५१२ वर ठेवून निश्चिंतपणे मुद्रण करावे, ६४ चा हट्ट धरू नये.

प्रतिसाद (परभणी)

पखवाजाचे उदाहरण इथे लागू पडत नाही. पखवाज हा दुसऱ्याचा आवाज आहे; गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून त्याच क्षणी ऐकू येतो आणि तोच आवाज हेडफोनमधून काही मिलिसेकंद उशिरा येऊन त्यात मिसळतो. दोन्ही एकमेकांना ठिकठिकाणी कापतात, आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि गायक नकळत सूर दाबू लागतो. डायरेक्ट मॉनिटरिंगने हा दोष जातो हे खरे, पण त्याबरोबर सॉफ्टवेअरमधला रिव्हर्बही (आवाजाला दिलेली गुंजही) जातो, आणि कोरड्या आवाजावर आलाप घ्यायला आमचे गायक तयार होत नाहीत.

शिवाय मी कीबोर्ड आणि ड्रम पॅड वाजवतो. तिथे ध्वनी संगणकातच तयार होतो, त्यामुळे 'डायरेक्ट' ऐकण्यासारखे काही नसतेच. बफर ५१२ ला नेला की तिहाईची शेवटची थाप हाताखालून निसटते. मग हात आपोआप पुढे धावतो आणि ती घाई मुद्रणात कायमची बसते. १२८ च्या वर मला काम करता येत नाही.

प्रतिसाद (लातूर)

कीबोर्डचे मान्य. पण या धाग्यावरचे बहुतेक जण हार्मोनियम, तबला आणि गळा मुद्रित करणारे आहेत. रिव्हर्ब हवाच असेल तर लहान मिक्सरवरून हेडफोनमध्ये देता येतो, आणि काही इंटरफेसमध्ये तो आतच असतो. त्यासाठी संगणकाला धारेवर धरण्याचे कारण नाही.

प्रतिसाद (नांदेड)

मी संगणक दुरुस्त करतो, आणि दोघेही डबीकडे पाहून वाद घालत आहेत असे मला वाटते. दोन चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ याला सेकंदाला सुमारे २.३ मेगाबिट लागतात, यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. टाइप-सी प्लग लावल्याने लेटन्सी घटते, हा दुकानातला समज सोडून द्यावा. मात्र यूएसबीवर ध्वनी ज्या पद्धतीने जातो तिच्यात वेळ राखीव असला तरी हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही. लॅपटॉपने तुकडा वेळेत उचलला नाही की तिथे खट् वाजते. परवा एका लॅपटॉपवर असेच होत होते. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर संगणकाला अडवतो ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवला तर वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरत होता. वाय-फाय बंद केले, खट्-खट् थांबले. इंटरफेसवर आळ आला होता तो उगाच.

विंडोजवर कंपनीचा स्वतःचा असिओ (कमी उशिरासाठी बनवलेल्या पद्धतीचा) ड्रायव्हर असेल तोच वापरावा. असिओफोरऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. आणि दोन कंडेन्सर माइकना ४८ व्होल्ट फँटम (माइकला केबलमधूनच जाणारी वीज) द्यायचे असताना, स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमध्ये इंटरफेस खुपसू नये. यूएसबी २.० च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअरच मिळतात, तेही हबवर वाटले जातात.

प्रतिसाद (हिंगोलीजवळच्या गावातून)

शहरात बसून हे ठीक आहे. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, आणि घरात अर्थिंग धड नसल्यामुळे चार्जर लावला की हेडफोनमध्ये घुंकार येतो. म्हणून मी चार्जर काढून बॅटरीवरच मुद्रण करतो. भरवसा म्हणाल तर त्यातच आहे.

प्रतिसाद (नांदेड)

घुंकार जाईल, पण बॅटरीवर लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि लहान बफरवर खट्-खट् वाढते. पॉवर सेटिंगमध्ये बॅटरीसाठीही पूर्ण वेग निवडावा आणि यूएसबीची वीजबचत बंद करावी. अर्थिंग करून घेणे मात्र टाळू नका. तो प्रश्न केवळ आवाजाचा नाही.

प्रतिसाद (परभणी)

हे सगळे केल्यावरच १२८ वर टिकता येते, एवढेच माझे म्हणणे आहे. बफर ५१२ करणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून त्यावर पांघरूण घालणे. ड्रायव्हर सांगतो त्या आकड्यावरही विसंबू नये. आउटपुटची केबल इनपुटला जोडून एक टिचकी वाजवावी, मुद्रित करावी आणि मूळ व मुद्रित टिचकीतले अंतर मोजावे. उशीर भरून काढायला सॉफ्टवेअर मुद्रण जेवढे आधी सरकवते ते ड्रायव्हरच्या सांगण्यावरून. ड्रायव्हर खऱ्यापेक्षा कमी आकडा देत असेल तर गळा ठेक्याच्या मागे पडतो, मग डायरेक्ट मॉनिटरिंग असो वा नसो. लातूरकरांनी आपल्या ५१२ वर ही चाचणी घेऊन आकडा इथे द्यावा.