पीअर सपोर्टचं प्रशिक्षण: पुण्यात देखरेखीखाली सराव कुठे मिळेल?

बायपोलरचं निदान आहे, औषधं चालू आहेत, चार वर्षं ॲडमिट व्हावं लागलेलं नाही. हा अनुभव वापरून पीअर सपोर्ट वर्कर (स्वतः मानसिक आजारातून गेलेला, तशाच इतरांना आधार देणारा) व्हायचंय. समुपदेशनाचा डिप्लोमा कृपया सुचवू नका, ते काम वेगळं.

डब्ल्यूएचओचा क्वालिटीराइट्स हा मानसिक आरोग्य आणि हक्कांवरचा मोफत ऑनलाइन कोर्स झालाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधला नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचारांच्या निर्णयांत मदतीला आपण नेमलेली व्यक्ती) भाग वाचलाय. आपली गोष्ट पाच मिनिटांत, समोरच्याला लागेल तेवढीच सांगायची, याचा सराव घरी करतोय आणि गाडी तिथेच अडते. ऐकता ऐकता सल्ला सुरू होतो. ‘मला लिथियम लागू पडलं, तूही डॉक्टरांना विचार’ हे तोंडून निघतंच. शेजारी बसून टोकणारं कुणी असल्याशिवाय ही खोड जाणार नाही.

दोन ठिकाणी विचारलं. एक थेट वॉर्डात पाठवायला तयार, पण देखरेख शून्य. दुसरीकडे बॅच फक्त इंग्रजीत.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले लोक कार्यकर्ते होतात हे माहीत आहे, पण मला व्यसनाचा अनुभव नाही.

नोकरी हडपसरला, शनिवार-रविवार मोकळा. रात्रपाळी जमणार नाही (झोप गेली की सगळंच जातं). फी पाच हजारांपर्यंत. थिअरी ऑनलाइन चालेल, रोल-प्ले मात्र समोरासमोर हवा.

तर पुण्यात मराठीतून रोल-प्ले, आणि नंतर निदान महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन, असं दोन्ही देणारं ठिकाण कुणी स्वतः पाहिलंय का? आणि तिथे प्रवेशाला डॉक्टरांचं पत्र मागतात का?