मदत हवी आहे: आईला देहू दाखवायचंय, तुकाराम बीजेला न्यावं की एरवी?

राम कृष्ण हरी मंडळी,

आईचं वय ७४. गाथेचं एक पान वाचल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाही, पण देहू अजून पाहिलेलं नाही. पंढरपूर तीनदा झालं, आळंदीही झाली, देहू मात्र दर वेळी राहून जातं. आता तिने धोशा लावलाय, आणि जायचं ते बीजेलाच!

अडचण तिच्या गुडघ्यांची. बीज, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनाचा दिवस, फाल्गुन वद्य द्वितीयेला, धुळवड झाली की लगेच. वैकुंठस्थानावरचा नांदुरकीचा वृक्ष दुपारी बाराला हलतो या श्रद्धेने लोक तास न् तास उन्हात उभे असतात. तिला म्हटलं, ऊन सोसायचं नाही. तर म्हणाली, "तुकोबा काय छत्री घेऊन डोंगरावर बसायचे का?" यावर काय बोलणार!

आम्ही नांदेडहून रेल्वेने पुण्याला येऊ. पुढे लोकलने देहूरोडला उतरावं की पुण्यातूनच बस घ्यावी? कॉलेजात असताना मी एकदा देहूरोडला उतरून "मंदिर कुठंय?" विचारत फिरलो होतो. ती फजिती आईसोबत नको. आणि भंडारा डोंगर तिला झेपेल का? पायऱ्या असतील तर मी आधीच विषय बंद करतो.

प्रतिसाद १
देहूरोड म्हणजे देहू नव्हे, ते छावणीचं गाव. तिथून देहूगाव काही किलोमीटर आत आहे, रिक्षा करावीच लागते. त्यापेक्षा पुण्यातून 'देहूगाव' पाटीची बस बघा. गुडघे दुखत असतील तर सरळ गाडी करा, बसच्या पायऱ्याही उंच असतात.

भंडाऱ्याची काळजी नको, वर मंदिरापर्यंत गाडी जाते. फक्त माघ शुद्ध दशमीच्या आसपास जाऊ नका. तुकोबांच्या अनुग्रहाचा दिवस तो, तेव्हा वर मोठा सप्ताह असतो.

प्रतिसाद २
बीजेला आईंना नेऊ नका, स्पष्टच सांगतो. त्या गर्दीत धडधाकट माणूस ढकलला जातो. एकादशी आणि रविवार सोडून कुठल्याही सकाळी या. आधी गावातलं विठ्ठल-रखुमाईचं मंदिर करा. तिथेच शिळा मंदिर आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा १३ दिवस अन्नपाण्यावाचून ज्या शिळेवर बसले, ती शिळा तिथे आहे. नवं मंदिर २०२२ साली झालं.

गाथा मंदिर मात्र शेवटी ठेवा, आणि वेळ हाताशी ठेवून. भिंतींवर अभंग कोरलेत. रोज गाथा वाचणारं माणूस तिथून लवकर हलत नाही, माझ्या सासूबाईंना अक्षरशः हाताला धरून बाहेर आणावं लागलं होतं. त्याच दिवशी आळंदी जोडण्याचा मोह आवरा. दोन्ही ठिकाणं उरकली जातात, बघून होत नाहीत.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. गाथा मंदिराचं ऐकून जरा विरघळली आहे. म्हणते, "बरं, आधी देहू बघून ठेवते. बीज पुढच्या वर्षी."