मदत हवी आहे: वाड्याच्या जुन्या दाराचं टेबल करू की ऑनलाइनचं रस्टिक घेऊ?

पळसफूल
नमस्कार, पटकन सल्ला हवाय. कंपनीनं आता घरूनच काम करा सांगितलंय म्हणून मी गावी आलेय आणि खाटेवर लॅपटॉप घेऊन बसून पाठीचं वाटोळं झालंय. टेबल हवंय पण ते सनमायकाचं गुळगुळीत नको, रस्टिक लूकचं, जाड लाकूड, गाठी दिसतायत असं. ऑनलाइन आंब्याच्या लाकडाचे दिसतात, बरे आहेत. इकडे आजोबांच्या वाड्याचं सागाचं दार गोठ्यात पडून आहे, बाबा म्हणतात त्याचंच कर. वाढई (सुतार) सोमवारी येतोय (तो एकदा गेला की लग्नसराई संपेपर्यंत सापडत नाही) म्हणून त्याआधी ठरवायचंय. दार की ऑनलाइन? आणि वर सामान कसं लावू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा प्लीज.

बंडीवान
दार काहून तोडता भाऊ, जुन्या बंडीचे दोन चाकं घ्या, आडवं लाकूड टाका, वर काच. आमच्या साळ्याच्या धाब्यावर असंच टेबल हाय, लोकं जेवाआधी फोटो काढतेत.

पळसफूल
ताई आहे मी. आणि चाकाच्या आऱ्यांत पाय कुठं ठेवू दिवसभर?

मापटं
ताई, खोली किती बाय किती? मॉनिटर आहे की नुसता लॅपटॉप? दाराचा एक पल्ला किती रुंद? जमीन कशाची? तुमची उंची? हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी ते हवेत आहे.

सरळरेघ
दोन्ही नको. १९ एमएमचा ७१० ग्रेडचा (पाण्याला टिकणारा) प्लाय आणा, त्यावर सागाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), कडेला सागाची पट्टी. लांबून कोणाला फरक कळत नाही. जुनं लाकूड म्हणजे खिळे निघणार, रंधा मोडणार, वाढई तोंड वाकडं करणार आणि मजुरी दुप्पट सांगणार.

जवसतेल
व्हिनियरला रस्टिक म्हणायचं असेल तर मग डालड्याला पण तूप म्हणा. ताई दारच घ्या. घासून साफ करा आणि जवसाचं तेल द्या, बाकी कसलंच पॉलिश लावू नका. आपल्या विदर्भात जवस पिकतं, घाणीवरचं ताजं तेल आणा, तीन हात द्या, लाकूड असं जिवंत दिसतं की मेलामाइन पॉलिश त्याच्यापुढे प्लास्टिक वाटेल.

सरळरेघ
घाणीचं कच्चं तेल लावलं तर टेबल कित्येक दिवस चिकट राहील, वरून आपल्याकडची धूळ. हार्डवेअरच्या दुकानात उकळलेलं जवस तेल म्हणून मिळतं ते साधारण दिवस दोन दिवसात सुकतं. अर्धवट माहिती देऊ नका.

जवसतेल
पातळ हात देऊन जास्तीचं पुसून काढलं तर कच्चं पण सुकतं, वेळ लागतो इतकंच. पण एक गोष्ट खरंच महत्त्वाची, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप गरम होऊन पेट घेतात. एकेक पसरून वाळवा, मग फेका. मे महिन्यात तर विचारूच नका.

नानाजी
खुर्ची टेबलच कशाला पाहिजे? पूर्वी अडत्याकडे मुनीम गादीवर बसून उताराचं डेस्क पुढ्यात घेऊन दिवसभर वह्या लिहायचा, कोणाची पाठ दुखली नाही. सेवाग्रामला बापूकुटी बघून या, खाली बसायची जागा, पुढे छोटंसं डेस्क, तेवढ्यावर सगळा देश चालला.

पळसफूल
नानाजी मला दिवसातून चार व्हिडिओ कॉल असतात हो. मांडी घालून नाही जमत.
@मापटं खोली मोठी आहे, नीट मोजली नाही. लॅपटॉप आणि एक २२ इंची मॉनिटर. दाराला दोन पल्ले, एकेक २० इंच रुंद, लांबी ७ फूट असेल, वर पितळी फुलं ठोकलेली. माझी उंची ५ फूट १. आता सांगा.

मापटं
जमीन?

पळसफूल
मागची खोली आहे, कवेलूची (कौलारू). खाली सारवलेलं आहे. त्याचा काय संबंध?

मापटं
सगळा संबंध तिथंच आहे, हे आधी सांगायचं ना! सारवलेल्या जमिनीवर लाकडी पाय सरळ उभे केले की उधई (वाळवी) खालून चढणार. सागाचा आतला गडद भाग ती सहसा सोडते पण कडेचा फिका पांढरट भाग आरामात खाते आणि जुन्या दाराच्या कडेला तो असतोच. म्हणून पाय लाकडाचे करूच नका, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचे पाय करून घ्या, प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा, आणि टेबल भिंतीपासून चार बोटं लांब. मातीची बारीक नळी चढताना दिसली की लगेच मोडायची.

उंचीचं असं की रेडीमेड टेबल २९-३० इंच असतं, ५ फूट १ ला ते उंच पडतं, खांदे वर चढवून टाइप करावं लागतं. पाय जमिनीवर टेकवून खुर्चीत बसा, कोपर काटकोनात, जमिनीपासून कोपरापर्यंत जे माप येईल तेवढीच टेबलाची वरची उंची. २६ च्या आसपास येईल. दाराची जाडी त्यात धरा, आणि खाली ड्रॉवर लावू नका, गुडघे अडकतील.

आता रुंदी. एक पल्ला २० म्हणजे कमी, मॉनिटर नाकासमोर येईल. दोन जोडले तर ४० होतात, पलीकडची वस्तू घ्यायला उठावं लागेल. एकच पल्ला घ्या आणि मागे ६ इंची फळी लावा, पण मध्ये इंचभर फट सोडून. त्या फटीतून सगळ्या वायरी खाली, एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या पोटाला स्क्रूने. मॉनिटर त्या मागच्या फळीवर. लांबी साडेपाच फुटांवर कापली तरी पुष्कळ.

अल्लापल्लीकर
कापू नका हो सागाचं जुनं दार, पाप लागंल! आपल्या सागाची किंमत बाहेरच्यांना कळते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये चंद्रपुरातून लाकूड मिरवणूक काढून पाठवलं, मी होतो गर्दीत. आणि आपण प्लाय प्लाय करून राह्यलो.

बंडीवान
ताईच्या वावरात बांधावर सागाचं झाड असंल तर तेच पाडा, दाराले हातच लावू नका.

मापटं
असले सल्ले देऊ नका राव. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, शिवाय लाकूड न्यायला वाहतूक परवाना वेगळा. आणि ओल्या लाकडाचं टेबल केलं तर उन्हाळ्यात ४५ पार गेल्यावर तडे जातील. जाडीच्या दर इंचाला साधारण वर्षभर सावलीत वाळवावं लागतं. जुन्या दाराचा खरा फायदा तोच, ते वाळून बसलेलं असतं.

वीजबाबा
राउटर कुठं ठेवणार? इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवू नका. जून लागला आणि ढग गरजले की राउटर, मॉनिटर सगळ्यांचे प्लग काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ब्रॉडबँडची वायर पण काढा. अर्थिंग एकदा तपासून घ्या, गावात अर्थिंगच्या नावानं नुसता खड्डा असतो.

पळसफूल
राउटरचं मी विचारलंच नव्हतं, पण बरं झालं. ऑनलाइनच्या आंब्याबद्दल कोणीच बोललं नाही?

सरळरेघ
आंब्याला भुंगा लवकर लागतो. नीट वाळवून औषध दिलेलं असेल तर टिकतं, पण फोटोवरून ते कळणार कसं? घेतलंच तर खाली पिठासारखी भुकटी पडतेय का बघत राहा. दार घेणार असाल तर पितळी फुलं काढा, माउस त्यावर उड्या मारेल.

जवसतेल
फुलं काढली तर मग दार कशाला घेतलं! वर ८ एमएमची टफन काच टाका.

सरळरेघ
काच टाकली की तुमचं तेल कोणाला दिसणार? आणि दिवसभर खिडकीचं ऊन डोळ्यात. मधोमध अडीच फूट जागेतली फुलं काढून भोकं लांबीनं (पुट्टीनं) बुजवा, कडेची राहू द्या.

मापटं
हे पटतंय. सामानाचं थोडक्यात: वर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, दिवा. कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत, पेटी विटांवर. कूलरचा झोत टेबलावर नको, एका बाजूनं ओल लागली की फळी वाकते. आणि वानरं येऊन कवेलू सरकवत असतील तर टेबलावरच्या कवेलूखाली ताडपत्री ताणून घ्या, पहिल्या पावसात मॉनिटर जायचा.

पळसफूल
वानरं रोज येतात. ठीक आहे, दारच करते. एक पल्ला, मागे फळी, लोखंडी पाय, मधली फुलं काढणार, उकळलेलं तेल. आत्ता बसून मोजलं, कोपर २५ इंचावर येतंय, म्हणजे २५ च ना?

मापटं
२५ करा. वाढीव लागली तर पायाखाली फरशी घालता येते, उलटं करायला पाय कापावे लागतात. फळी लोखंडाला पक्की आवळू नका, अँगलला लांबट भोकं पाडायला सांगा, पावसाळ्यात लाकूड थोडं फुगतं.

नानाजी
२५ इंच म्हणजे जवळपास खालीच बसला की.

बंडीवान
ताई, दुसरा पल्ला रिकामाच हाय न? विकाचा असंल तर सांगजा, माझ्यापाशी चाकं हायेत.