अनुभव धागा : 'शक्ती' या फ्यूजन बँडचा पहिला, मैफलीतला अल्बम

५ जुलै १९७५, न्यूयॉर्क राज्यातलं साउथहॅम्प्टन कॉलेज. जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला), विक्कू विनायकराम (घटम), आर. राघवन (मृदंगम). तबकडी आली १९७६ मध्ये. रचना तीनच, तिसरी जवळपास अर्ध्या तासाची आणि तिचं नाव वाचतानाच दम लागतो! तुम्ही कुठल्या जागेला थबकलात ते लिहा. कंटाळला असाल तर तेही लिहा.

जॅझवाला : मी मॅक्लॉफ्लिनचा आधीचा बँड, महाविष्णू ऑर्केस्ट्रा, ऐकून इकडे आलो. तिथे विजेची गिटार, ड्रम्स, दणदणाट. इथे ड्रम्स नाहीत, बास गिटारही नाही. पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं झालं. जॅझमध्ये सोलो चालू असताना खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) बदलत असतात, वादक त्यांच्यातून वाट काढतो. इथे तो आधार जवळजवळ नाहीच. जे काय करायचं ते स्वरांत आणि लयीत. मॅक्लॉफ्लिन इथे पाहुणा म्हणून वाजवत नाही, हे मला फार आवडतं. बाकीची बरीचशी 'फ्यूजन' मंडळी मागे तबला लावतात आणि पुढे आपलंच वाजवतात.

तबला शिकणारी : पहिली रचना, 'जॉय'! गिटार आणि व्हायोलिनचे सवाल-जवाब आखूड होत जातात, तिथे मी हातावर मात्रा धरून बसते. झाकीरभाई तेव्हा २४ वर्षांचे होते, पण साथ ऐका. पुढचा काय वाजवणार हे जणू आधीच ठाऊक असल्यासारखा ठेका हलका होतो, आणि समेला नेमका भरतो. रियाजाला बसायच्या आधी हे ऐकू नये, हात उचलत नाही.

कर्नाटक संगीत ऐकणारा : तालवाद्यं आपसात बोलू लागतात ती जागा हेडफोनवर ऐका. तबल्याची आस लांबते, घटम कोरडा आणि नेमका. तनी आवर्तनम (कर्नाटक मैफलीतलं फक्त तालवाद्यांचं वादन) ऐकलेल्यांना ही देवघेव ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे एक वाद्य उत्तरेचं आहे आणि कुणालाच ते परकं वाटत नाही. राघवन पुढच्या अल्बममध्ये नाहीत, मृदंगाची ती घुमारदार बाजू मला नंतर सतत कमी जाणवते.

नाराज : वेग, वेग, वेग. टाळ्या पडतात त्या बहुतेक वेगालाच. मला 'लोटस फीट' पुरतं. पाच मिनिटांच्या आत संपतं, कुणी कुणावर मात करत नाही.

जॅझवाला : नाराज, मग 'शक्ती'चाच पुढचा अल्बम, 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' ऐका. तो स्टुडिओतला आहे, जास्त आखीव. पण मैफलीत एकाने तान टाकली की दुसऱ्याला विचार करायला वेळच नसतो, ती धांदल तिथे नाही. मला तीच हवी असते.

तबला शिकणारी : मलाही. तिसऱ्या रचनेवर अजून कुणीच बोललं नाही, सगळे मधेच झोपले का?