हौशी नाटकवाल्यांना इंदुरात कायमची जागा: नाट्यगृह बांधावं की तालमीचा हॉल?

रामबागकर:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या तीन हौशी ग्रुपनी मिळून कायमची जागा करायचं मनावर घेतलंय. सध्या तालीम कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात. गेल्या मार्गशीर्षात एका कार्यालयाने लग्न आलं म्हणून रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी हॉल काढून घेतला. सेटचं सामान सुदामानगरात एका सभासदाच्या गॅरेजमध्ये पडलंय. एक आजोबा जुन्या घराचा तळमजला द्यायला तयार आहेत. पण पोरं म्हणतात, करायचं तर तीनशे खुर्च्यांचं एसी नाट्यगृहच करू, वर्गणी जमेल. काय करावं?

विंगेतली:
रामबागकरदादा, त्या तीनशे खुर्च्या आधी डोक्यातून काढा. मी नटी नाही, नेपथ्य आणि प्रॉपर्टी (म्हणजे स्टेजवरचं सामानसुमान) बघणारी आहे, त्यामुळे जरा रुक्ष बोलणार.

प्रयोगाला इंदुरात रवींद्र नाट्यगृह आहे, माई मंगेशकर सभागृह आहे, जाल सभागृह आहे. भाडं जड जातं, हवी ती तारीख मिळत नाही, सगळं मान्य. पण हौशी ग्रुपचे प्रयोग वर्षाकाठी होतात किती? तालीम मात्र दीड-दोन महिने रोज संध्याकाळी. दुखणं तालमीचं आणि सामानाचं आहे आणि आपण नाट्यगृह बांधायला निघालोय.

गॅरेजचं म्हणाल तर, आमच्या एका तीन अंकीचे फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणलेल्या सेटच्या भिंती, असेच भिंतीला टेकवून उभे होते. वरून रंग एकदम ठणठणीत. पुढच्या प्रयोगाला उचलायला गेलो तर कापड हातात आणि खालची पट्टी भुसा होऊन जमिनीवर. वाळवी. त्या रात्री जुन्या साड्या ताणून भिंती उभ्या केल्या आणि प्रेक्षकांतल्या एका काकूंनी नंतर साडी ओळखली.

तळमजला बघायला जाल तेव्हा टेप न्या. फ्लॅट आठ बाय चारचा. आडवा धरला तर दारातून जातो, पण पुढे बोळात वळला पाहिजे. लेव्हल, म्हणजे स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे, तर त्याहून अवघड. छत दहा फुटांचं असेल तर तिथे मोठ्या प्रयोगाचा मोह नको, दिवे थेट नटांच्या डोळ्यांत जातात. अभिवाचन करा, पन्नास-साठ माणसांपुढे एकांकिका करा. जागा पुरत असेल तर फरशीवर रवींद्र आणि माई मंगेशकरच्या स्टेजची मापं दोन रंगांच्या टेपने आखून ठेवा. गच्चीवर बसवलेलं नाटक स्टेजवर गेलं की नट मंडळी पहिला अंकभर गच्चीएवढ्याच जागेत फिरतात. हे मी विंगेतून इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

लष्करवाला:
ताई, आमच्या ग्वाल्हेरला दाल बाजारात आर्टिस्ट कंबाइन या नाट्यसंस्थेचं स्वतःचं नाट्यमंदिर आहे. पुण्यात भरत नाट्य मंदिर आहे, ती संस्था तर 1894 ची. तेव्हा हौशी लोकांनी वास्तू करूच नये असं नाही. उलट छबिलदास बघा. 1974 पासून दादरच्या त्या शाळेत प्रायोगिक नाटकाने काय दिवस पाहिले! पण हॉल शाळेचा, शेवटी बिऱ्हाड हलवावंच लागलं. लहान जागा घ्या, पण कागद पक्का करा. आजोबा देवमाणूस असतील, त्यांच्या वारसांना नाटकाचं प्रेम असेलच असं नाही.

विंगेतली:
काका, कागदाचं शंभर टक्के. पण बांधणं एकवेळ होतं हो, पुढचं वीजबिल, वॉचमन आणि फायर एनओसी कोण बघणार? मग खर्च भागवायला हॉल साखरपुड्यांना द्यायचा आणि तालमीला आपण परत गच्चीवर.

जमाखर्च:
पेशाने सीए, म्हणून तेवढंच बोलतो. अकरा महिन्यांच्या भाडेचिठ्ठीवर भुलू नका. लांब मुदतीचं लीज घ्या. एक वर्षाच्या वरचं लीज रजिस्टर करावंच लागतं आणि तेच बरं. तिन्ही ग्रुपची मिळून एक संस्था मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली आत्ताच नोंदवा. नंतर आयकराच्या दोन नोंदण्या: संस्थेच्या करमाफीसाठी 12ए आणि देणगीदाराच्या करसवलतीसाठी 80जी. देणगी चेकने किंवा यूपीआयने घ्या. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची सवलत नाही आणि देणारा जुन्या करप्रणालीत नसेल तर चेकनेही नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या भरवशावर असाल तर पासपोर्ट विचारा. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) परवानगीशिवाय घ्यायचे नाहीत, मग तो रामबागेत लहानाचा मोठा झालेला का असेना. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची इमारत आणि स्टुडिओ थिएटरसाठी अनुदान योजना आहे, पण त्यात आपला वाटाही घालावा लागतो.

रामबागकर:
टेप घेऊन जाऊन आलो. बोळात फ्लॅट वळत नाही, पण मागच्या अंगणाच्या दाराने सरळ आत जातो. आजोबा लीजला तयार आहेत, मुलाची सहीही देतो म्हणाले. अट एकच, दुपारी दोन ते चार आवाज नको. पोरं अजून फुगलेली आहेत. त्यांना स्टेजची मापं आखायच्या कामाला लावलंय.

विंगेतली:
छान. सामान हलवण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या आणि फ्लॅट विटांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. आणि किल्ली तिघांत एकच नको भिया, प्रत्येक ग्रुपला वेगळी करून द्या.