अ‍ॅव्होकाडोची बी: पाण्यात की मातीत? आणि फळाचं काय?

गॅलरीतली_बाग (पुणे):
मंडळी, जरा सल्ला हवाय. घरात हल्ली अ‍ॅव्होकाडो बऱ्याचदा येतं आणि ती एवढी मोठी टणक बी कचऱ्यात टाकायला जीवावर येतं. सध्या दोन बिया धुऊन ठेवल्यात, एक मार्केटात बटर फ्रूट म्हणून मिळतं त्या मोठ्या हिरव्या गुळगुळीत सालीच्या फळाची आणि दुसरी हासची, म्हणजे ते छोटं, काळपट, खरबरीत सालीचं. टूथपिक खोचून ग्लासवर ठेवू की सरळ मातीत लावू? गॅलरी पूर्वेची, चौथा मजला, ऊन साधारण अकरापर्यंत, पाणी बोअरचं. रोप मोठं झालं की सासऱ्यांच्या दापोलीजवळच्या बागेत न्यायचं मनात आहे. कोकणात जगेल का? बीच्या झाडाला फळ खरंच लागतं का? आणि हो, गॅलरीत लव्हबर्डचा पिंजरा आहे, रोप शेजारी ठेवलं तर चालेल ना?

कुंडीतला_मळा (नाशिक):
ताई, आधी एक करा, बिया तशाच ओट्यावर वाळत ठेवू नका. आंब्याच्या बाठ्यासारखंच आहे हे, एकदा सुकली की रुजत नाही, त्यामुळे आज-उद्याच लावा. वरचं तपकिरी पापुद्र्यासारखं साल नखाने सहज निघालं तर काढा, नाही निघालं तर राहू दे. बसकी बाजू खाली, निमुळतं टोक वर.

ग्लासची पद्धत चांगली चालते, बी खालून अर्धी पाण्यात राहील अशी ठेवायची, तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं. लहान मुलं असतील तर ग्लासच करा, कारण बघायला फार छान असतं, बी आधी उभी तडकते, मग त्या फटीतून जाड पांढरं मूळ खाली उतरतं आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वरून तांबूस कोंब येतो. दोन आठवड्यांत तडकेल किंवा दोन महिने पण लागतील, तोवर बी टणक आहे आणि पाण्याला वास नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय.

पण मला विचाराल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओलं करून घट्ट पिळलेलं कोकोपीट झाकणाच्या डब्यात घ्या, बी त्यात ठेवा, डबा फ्रिजच्या वर किंवा कुठेही उबेला. मूळ बोटभर झालं की कुंडीत. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत हलवताना तुटतात आणि रोप बरेच दिवस रुसून बसतं, तो प्रकार यात होत नाही. कुंडी दहा इंची, खोल, तळाला भोकं भरपूर, बीचा वरचा अर्धा भाग मातीच्या बाहेर. मातीत कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढूनच टाका. अ‍ॅव्होकाडो मरतं ते बहुतेक वेळा मुळं कुजून, पाणी कमी पडून त्या मानाने कमी.

गॅलरीतली_बाग (पुणे):
वा, किती सविस्तर! मग मोठी बी कोकोपीटमध्ये आणि हासची ग्लासवर, लेकीसाठी. बोअरच्या पाण्याचं काय करू?

कुंडीतला_मळा (नाशिक):
बोअरचं शक्यतो नकोच. या झाडाला क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांची टोकं आणि कडा करपायला लागतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय म्हणून आपण अजून तेच पाणी घालतो. पिण्याचं पाणी घाला, पावसाचं साठवता आलं तर त्याहून उत्तम. करपलेलं दिसलंच तर चांगल्या पाण्याने कुंडी एकदा भरभरून धुऊन काढा, खालून पाणी वाहून जाऊ दे. एप्रिल-मेमध्ये ग्रीन नेट लावा, कोवळी पानं उन्हात भाजतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील, नाहीतर एकच काठी उंच वाढत राहते.

पिंजऱ्यापाशी_मी (ठाणे):
लव्हबर्डबद्दल वाचलं म्हणून लगेच लिहितेय, प्लीज रोप पिंजऱ्याजवळ ठेवू नका! अ‍ॅव्होकाडोच्या पानांत, सालीत, बीमध्ये पर्सिन नावाचं द्रव्य असतं, ते पक्ष्यांच्या हृदयावर परिणाम करतं. लव्हबर्ड, बजी हे तर एवढेसे जीव, थोडंसं पान कुरतडलं तरी जिवावर बेतू शकतं. गरसुद्धा चारायचा नाही, टोस्टचा तुकडा पण नाही. एक तर रोप दुसऱ्या खिडकीत ठेवा, नाहीतर पिंजरा हलवा. आणि दापोलीला शेळ्या असतील तर तिथेही लक्ष ठेवा, शेळ्यांना आणि गाईगुरांना पण ही पानं बाधतात. छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे जाऊ देऊ नका.

गॅलरीतली_बाग (पुणे):
बाप रे, हे माहीतच नव्हतं. बिया आताच किचनच्या खिडकीत हलवल्या. मनापासून थँक्यू ताई.

कलमवाला_दापोली:
वहिनी, कोकणात जगेल का, तर जगेल, पण जागा बघून. सपाटीला पाणी तुंबतं तिथे नको, उतारावर लाल माती असेल तिथे खड्डा घेऊन वर उंचवटा करायचा आणि त्यावर रोप, म्हणजे आपल्या पावसात मुळाशी पाणी थांबत नाही. तुमच्या दोन बियांत मोठ्या हिरव्याची बी आमच्याकडे जास्त बरी, हासला थंड डोंगराळ हवा आवडते, आमचा दमटपणा आणि उकाडा नाही.

फळाचं विचाराल तर बीचं झाड पाच-सहा वर्षांनी धरेल किंवा दहा-बारा पण घेईल, आणि फळ आईसारखं निघेलच असं नाही. रायवळ आंब्याचं जसं असतं तसंच. म्हणून बीपासून आलेलं रोप मी खुंट समजतो, म्हणजे कलमाचा खालचा मुळाकडचा भाग. पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर चांगल्या झाडाच्या काडीचं पाचर कलम बांधायचं. तुमच्या सासऱ्यांकडे आंब्याची कलमं बांधायला जो माणूस येतो त्यालाच जमेल हे, हात तोच, चाकू तोच, पट्टी तीच. असं कलम तीन-चार वर्षांत फळायला लागतं. काडी मात्र माहितीतल्या झाडाची पाहिजे, कूर्ग किंवा कोडाईकनाल भागात जुनी झाडं आहेत, तमिळनाडूची टीकेडी-१ आणि बेंगळुरूच्या संस्थेची अर्का कूर्ग रवी या आपल्याकडच्या जाती आहेत त्यांची चौकशी करा.

सॅनडिएगोकर:
इथे परसात हासचं झाड आहे म्हणून लिहितो. बीच्या झाडाला अगदीच कमी लेखू नका हं. मुळात हास हीच जात कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा हाइट्सला एका बीच्या रोपातून आली. रुडॉल्फ हास यांनी त्या रोपावर दुसऱ्या जातीचं कलम करून पाहिलं, ते धरलं नाही म्हणून झाड तसंच वाढू दिलं, आणि १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज जगभरातलं प्रत्येक हासचं झाड त्याच एका झाडाच्या काडीवरून आलेलं आहे. ते मूळ झाड २००२ मध्ये गेलं, मूळकुजीनेच, म्हणजे वरती पाणी तुंबण्याबद्दल लिहिलंय ते किती खरं बघा.

अजून एक, बागेत जागा असेल तर एकावर थांबू नका. याचं फूल दोनदा उमलतं, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. जातींचे दोन गट आहेत, A आणि B. A गटातलं फूल सकाळी मादी असतं, B गटातलं दुपारी. हास A गटात येतं. दोन्ही गटातलं एकेक झाड जवळ असेल तर फळधारणा चांगली होते. आणि फळ झाडावर पिकत नाही, काढून ठेवल्यावरच मऊ पडतं, तेव्हा सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते झाडावर पिकायची वाट बघत राहतील.

गॅलरीतली_बाग (पुणे):
दादा, मग हासची बी पण फुकट नाही घालवत. कलमवाले भाऊ, दोन्ही रोपं खुंट म्हणून वापरली आणि काड्या वेगवेगळ्या गटातल्या बांधल्या तर चालेल? आणि कलम पुण्यातच कुंडीत बांधायचं की तिकडे लावल्यावर?

कलमवाला_दापोली:
चालेल की, उलट तेच करा. कलम कुंडीतच बांधा, सावलीत ठेवा, नवी पालवी फुटून जून होऊ दे, खुंटावर खालून कोंब आले तर ते काढत राहा. मग पावसाळ्याच्या सुरुवातीला बागेत लावा आणि पहिल्या उन्हाळ्यात वर झापांची सावली करा. बांधायच्या आधी इथे फोटो टाका, जाडी बघून सांगतो.