बाल न्याय मंडळापुढच्या प्रकरणात जखमीच्या कुटुंबाला काय मागता येते?

धायरीकर : माझ्या धाकट्या भावावर 17 वर्षांच्या मुलाने कोयत्याने वार केले. उजव्या हाताच्या शिरा तुटल्या, शस्त्रक्रिया झाली, तरी चहाचा कप त्याला अजून धरता येत नाही. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा दाखल आहे. येरवड्यातील बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन दिल्याचे तो गल्लीत दिसल्यावर आम्हाला समजले. आम्हाला तेथे बाजू मांडता येते का? त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालावा, असा अर्ज करता येईल का?

शिवाजीनगरचे वकील : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या अर्जापायी अनेक कुटुंबांचे पैसे वाया जातात. सोळा ते अठरा वयोगटातील मुलाला प्रौढ म्हणून उभे करायचे, तर गुन्ह्याला कायद्याने किमान 7 वर्षांची शिक्षा असावी लागते. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असली तरी किमान मर्यादा नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या शिल्पा मित्तल निकालानुसार आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार तो ‘गंभीर’ गटात मोडतो आणि प्रकरण मंडळाकडेच राहते. संतापजनक वाटेल, पण कायदा असा आहे.

जामिनाचे गणितही वेगळे आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 12 नुसार जामीन हा नियम असून गुन्ह्याची तीव्रता हे तो नाकारण्याचे कारण नाही. मुलगा ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला धोका पोहोचण्याची किंवा न्यायाचा हेतू विफल होण्याची शक्यता दाखवावी लागते. म्हणून ‘भावाचा हात गेला’ एवढ्यावर न थांबता, तो कोणत्या टोळीबरोबर फिरतो आणि साक्षीदारांना धमकावतो का, हे पोलिसांत दिलेल्या तक्रारींसह मांडा. पीडिताला सुनावणीच्या टप्प्यांवर ऐकले जावे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये जगजीत सिंग प्रकरणात मान्य केले आहे. त्याच्या आधारे वकीलपत्र दाखल करा. जामिनाच्या आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागा, कारण कलम 101 खालील अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे.

सहकारनगरची वाचक : शस्त्रक्रियेच्या खर्चाचे काय? मुलाच्या वडिलांकडून वसूल होतो का?

शिवाजीनगरचे वकील : चौकशीअंती मुलगा दोषी आढळला, तर कलम 18 खाली मंडळ पालकांना दंड भरायला लावू शकते, पण त्यावर विसंबू नका. पीडित नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी आताच संपर्क साधा. रुग्णालयाची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचा दाखला असेल तर तो सोबत ठेवा.

एक राहिले. त्या मुलाचे नाव किंवा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. कलम 74 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

धायरीकर : फोटो गटावर गेला होता, तो आत्ताच काढायला लावला. प्रमाणित प्रतीचा अर्ज सोमवारी देतो.